दहा बाय बाराचा मॉल

रस्त्यावरचे सगळे दुकानदार त्यांना समारोपराव म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर "या साहेब, बसा साहेब" असं सगळं रीतसर चालायचं, पण साहेब पाठमोरे झाले की समारोपराव. नाव ठेवलं होतं वह्या-पेनं विकणाऱ्या स्टेशनरीवाल्यानं. त्याचं म्हणणं असं, की सभेत समारोपाचं भाषण सुरू झालं की लोक खुर्चीखाली चपला चाचपायला लागतात. तसं या गृहस्थांनी एखाद्या धंद्याचं दुकान उघडलं की त्या धंद्यातल्या लोकांनी चपला चाचपाव्यात. स्टेशनरीवाला तसा दुष्ट नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसायचं आणि जिभेला काहीतरी काम हवं असायचं, एवढंच.

नावाची खबर त्यांच्या बायकोला आठवड्याच्या आत लागली. तिला सगळा रस्ता वहिनी म्हणायचा, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी ते नाव ऐकलं, मनातल्या मनात स्टेशनरीवाल्याचा उद्धार केला, आणि घरी जाता जाता त्यांना एकटीलाच हसू फुटलं. नाव बसलं होतं अगदी मापात. नवऱ्याला मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही. माणूस भोळा, त्याला कशाला दुखवा, असं त्या धरून चालल्या होत्या.

गाळा रस्त्याच्या ऐन वळणावर होता. दहा फूट रुंद, बारा फूट खोल, पुढे शटर, वर पोटमाळा. सासऱ्यांनी तो बांधला तेव्हा उपनगर नुकतंच वसत होतं. रस्त्यावर एक लाकडाची वखार, एक सायकलवाला, एक शिंपी, आणि बाकी गुडघाभर गवत. सासरे गेले, गाळा समारोपरावांकडे आला, आणि त्याच महिन्यात सायकलवाला त्यांच्याकडे चहाला आला. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत समारोपराव चोवीस भाड्याच्या सायकलींचे मालक झाले होते.

"चोवीस सायकली. तासाला भाडं. विचार कर," ते वहिनींना म्हणाले.

वहिनी विचार करत होत्या तोवर समोरच्या गवतात स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज उभं राहिलं. ते काढलं होतं त्याच सायकलवाल्यानं. दोन वर्षांत उपनगरातला जो तो स्कूटरवर बसून सायकलींच्या दुकानावरून जायला लागला, आणि जाताना समारोपरावांना हात करायला लागला. तेही सीटवर फडकं मारता मारता आनंदानं हात करायचे.

मग टायपिंगच्या बाई आल्या. त्यांचे दहा टाइपरायटर समारोपरावांनी घेतले आणि टंकलेखनाचा वर्ग काढला. बाईंनी समोर कॉम्प्युटरचा क्लास काढला. समारोपरावांकडे उरले तीन विद्यार्थी: दोन बहिणी, ज्यांच्या घरी फार गोंगाट असल्यामुळे त्या शांततेसाठी टायपिंगला यायच्या, आणि एक निवृत्त आजोबा, जे रोज पाणीखात्याला तक्रारीचं एक पत्र टाइप करून जायचे. आजोबांच्या घरी पाणी आलं त्या दिवशी वर्गाची एकतृतीयांश संख्या घटली.

त्यानंतर व्हिडिओ कॅसेटवाला. नऊशे कॅसेट त्यानं खोक्यांत भरून स्वतः आणून दिल्या, मोठ्या प्रेमानं रचूनही दिल्या. पुढच्याच आठवड्यात तो समारोपरावांच्या गच्चीवर चढलेला दिसला. आता तो केबलवाला झाला होता, आणि उपनगरभर वायर न्यायला त्याला वळणावरचीच गच्ची सोयीची पडत होती. समारोपरावांनी शिडी धरली. वहिनी खालून म्हणाल्या, "अहो, वायर टाकायलाही तुम्हीच मदत करताय?" त्यावर ते म्हणाले, "अगं, पडेल ना तो." वरातीमागून घोडं ही म्हण वहिनींनी लहानपणी ऐकली होती, घोडं शिडीही धरतं हे त्यांना नवीन होतं.

टेलिफोनचं बूथ, फोटो धुण्याचं मशीन, इंटरनेटची सहा खोपटी... सगळं सांगत बसलो तर आपलाही समारोप व्हायची वेळ येईल. प्रत्येक वेळी गोष्ट तीच. कोणीतरी चहाला यायचं, चहा संपायचा, आणि हत्ती निघून गेल्यावर उरलेलं शेपूट घेऊन समारोपराव उत्साहानं घरी यायचे. घरही हळूहळू या शेपटांनी भरत गेलं. कॅसेटच्या खोक्यांचा दिवाण झाला. टाइपरायटर कपाटावर गेले. आणि टेलिफोनच्या दोन काचेच्या केबिनींपैकी एक कोणीच घेईना, म्हणून ती बैठकीच्या खोलीत येऊन बसली. त्याच केबिनीत वहिनींचं शिलाईमशीन होतं.

कारण घर चालायचं ते वहिनींच्या शिलाईवर. ब्लाउज, फ्रॉक, परकर, उशांचे अभ्रे, फॉल, पिको. पंधरा वर्षं त्या तीन फूट बाय तीन फुटांच्या काचेच्या पेटीत बसून हे सगळं शिवत होत्या. पेटीत दिवा होता, छोटा पंखाही होता, तक्रार फक्त कोपरांची होती. डावीकडचं कापड ओढलं की उजवं कोपर काचेवर आपटायचं. माप द्यायला आलेल्या बायका काचेवर टकटक करायच्या, आणि एकीच्या लहान मुलीनं तर एकदा विचारलं होतं की या काकूंना आत कोणी कोंडलं. वहिनी हसल्या होत्या, पण त्या दिवशी दोन शिवणी उसवाव्या लागल्या.

त्यांना तो गाळा हवा होता. दुसरं काही नको. मध्ये मशीन, उजेडाकडे तोंड करून. भिंतीशी बेतायचं एक लहानसं टेबल. गिऱ्हाइकांना एक बाक. मोकळेपणी हात पसरून कापड ओढता आलं की झालं. हे त्या दर समारोपानंतर नवऱ्याला सांगायच्या, आणि दर वेळी ते मनापासून म्हणायचे, "यापुढे गाळा तुझाच." आणि मग कोणीतरी चहाला यायचं.

इकडे रस्त्यानं स्वतःची व्यवस्था लावून घेतली होती. समारोपराव संध्याकाळी फिरायला निघाले की दुकानदार डोळ्यांत तेल घालून बघत. ते कुठल्या दुकानासमोर थांबतात, काय निरखतात, किती वेळ निरखतात. औषधवाल्यासमोर ते एकदा पाच मिनिटं थांबले, तर तो घाईघाईनं बाहेर आला, खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात कोंबली आणि पार चौकापर्यंत सोडायला गेला. चष्मेवाला त्यांचे डोळे फुकट तपासून द्यायचा, फक्त दुकानाबाहेर, फुटपाथवर. बेकरीवाल्यानं तर सांगून ठेवलं होतं की साहेबांना पाव लागला तर घरपोच देऊ, साहेबांनी त्रास घेऊ नये. समारोपराव घरी येऊन सांगायचे, "या रस्त्यावरची माणसं फार जिव्हाळ्याची आहेत गं." वहिनी केबिनीचं दार लावून घ्यायच्या.

इंटरनेटचं शेवटचं खोपटं मोडीत गेलं तेव्हा समारोपरावांनी साठी ओलांडली होती. या वेळी ते स्वतःच म्हणाले, "पुरे झालं. एक तारखेला गाळा तुझ्या ताब्यात. किल्ली तुझ्याकडे." वहिनींनी गाळा धुऊन काढला. खडूनं जमिनीवर खुणा केल्या: इथे मशीन, इथे टेबल, इथे बाक. गिऱ्हाइकांना नवा पत्ता सांगून टाकला. एक तारखेला आठ दिवस उरले होते आणि मॉल उघडला.

जुन्या वखारीच्या जागेवर तीन वर्षं पत्रे लावून काहीतरी चाललं होतं, त्यातून हा चार मजली मॉल निघाला. थंडगार हवा, सरकते जिने, आणि एकाच छपराखाली किराणा, चष्मे, औषधं, पाव, वह्या, कपडे, सगळं. रस्त्यावरच्या दुकानदारांनी ठरवलं की कोणीही तिकडे फिरकायचं नाही. पहिल्याच रविवारी किराणावाला सरकत्या जिन्यानं खाली येत होता आणि स्टेशनरीवाला शेजारच्या जिन्यानं वर जात होता, दोघांच्याही हातात टोपल्या, आणि जिने सरकते असल्यामुळे कोणालाच पळता येईना. किराणावाल्याच्या टोपलीत साबण होता. "फक्त भाव बघायला आलो होतो," तो जाता जाता म्हणाला. "मीही," असं स्टेशनरीवाला वर पोचता पोचता म्हणाला.

महिनाअखेरीला दुकानदारांच्या मंडळाची सभा झाली. अध्यक्ष किराणावाला. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं अर्ज करू. कोणाला काही सुचेना. शेवटी स्टेशनरीवाला सहज बोलून गेला, "समारोपरावांनी मॉल काढला तर?" आधी सगळे हसले. मग एकेक जण गप्प झाला. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी आठ दुकानदार समारोपरावांच्या घरी हजर. खुर्च्या चारच, तेव्हा बाकीचे कॅसेटच्या दिवाणावर दाटीवाटीनं बसले. वहिनी केबिनीत मशीनवर होत्या. दार बंद होतं, म्हणून त्यांना नुसती तोंडं हलताना दिसत होती. किराणावाल्याचे हात जोडलेले, चष्मेवाल्याचा चेहरा रडवेला, आणि नवऱ्याची मान हळूहळू वर होत चाललेली. ती मान अशी वर व्हायला लागली की पुढे काय होतं हे वहिनींना तोंडपाठ होतं. त्यांनी दार बोटभर उघडलं.

"दहा बाय बाराच्या गाळ्यात मॉल?" समारोपराव विचारत होते.

"छोटा मॉल," किराणावाला म्हणाला. "माल आम्ही देतो. तुम्ही फक्त नाव द्या आणि गल्ल्यावर बसा. तुमचा अनुभव दांडगा आहे साहेब. या रस्त्यावर तुमच्याइतके धंदे कोणी केलेत?"

"तसं नाही कोणी," समारोपरावांनी कबूल केलं.

"मग? सगळ्या रस्त्याची भिस्त तुमच्यावर आहे."

वहिनींना सगळा डाव एका क्षणात कळला, आणि त्या संतापल्या. माझ्या नवऱ्याला हे लोक पांढऱ्या पायाचा समजतात, आणि वर त्याचे ते पांढरे पाय भाड्यानं मागायला आलेत. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "गाळा एक तारखेपासून माझा आहे."

आठ जण जमिनीकडे बघायला लागले. समारोपराव त्यांच्याकडे बघत होते. चष्मेवाल्याची पोरगी कॉलेजात होती. बेकरीवाल्यानं नुकतीच नवी भट्टी बसवली होती. हे सगळं त्या खोलीत कोणीच बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

"सहा महिने," समारोपराव वहिनींना म्हणाले. "फक्त सहा महिने थांब."

वहिनी परत केबिनीत गेल्या आणि दार लावून मशीन अशा वेगानं चालवलं की काचा थरथरल्या. पाहुण्यांनी चहा अर्धाच प्यायला.

छोटा मॉल महिन्याभरात उघडला. मोठ्या मॉलात जे जे होतं ते ते समारोपरावांनी इथे केलं. ढकलगाडी होती, पण एकच. दुसरी आली तर दोघी मधल्या वाटेत अडकायच्या. गिऱ्हाइकानं ती सरळ आत न्यायची आणि उलटी बाहेर आणायची. वरचा मजला म्हणजे पोटमाळा. तिथे टॉवेल आणि साबण. सरकता जिना परवडणारा नव्हता, म्हणून शिडीला खाली चाकं लावली. ती खरंच सरकायची, विशेषतः माणूस मध्यावर असताना. दाराशी पिशव्या तपासायला शिंपी मास्तर बसायचे. हे रस्त्यावरचे सगळ्यात जुने दुकानदार, सासऱ्यांच्या वेळचे. सबंध रस्त्यावर धंदा न बदललेला हा एकच माणूस. त्यांना हल्ली दिवसभर बसायला वेळ असायचा. ते पिशव्या तपासता तपासता लोकांच्या तुटलेल्या गुंड्याही लावून द्यायचे, पैसे न घेता, हात चालू राहावा म्हणून.

आणि मग एके सकाळी समारोपराव घरी येऊन घसा खाकरत म्हणाले, "मॉलमध्ये ट्रायल रूम लागते."

"तुमच्या मॉलमध्ये कपडे कुठे आहेत?"

"चपला आहेत ना."

वहिनींनी मशीन उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नेलं. केबिन हातगाडीवरून गाळ्यात गेली. लोक तिच्यात शिरून, दार लावून, चपला घालून बघायचे आणि आत उभ्या उभ्या काचेतून रस्त्याकडे बघत राहायचे. वहिनी आता फोडणीच्या धुरात शिवत होत्या. गिऱ्हाइकांनी नुसते कपडे नेले नाहीत, कांद्याचा वासही नेला. सहा महिने त्यांनी नवऱ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि तेही बहुतेक भिंतीला उद्देशून.

सातव्या महिन्यात मोठा मॉल बंद पडला.

मॉलचे मालक दोन भाऊ. त्यांच्यात गच्चीवर पाटी कोणाच्या नावाची लावायची यावरून बिनसलं, भांडण कोर्टात गेलं आणि कोर्टानं कुलूप लावलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण रस्त्याला कारण विचारण्याची गरजच वाटली नाही. किराणावाल्यानं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला फुकट काडेपेटी वाटली. शेजारच्या उपनगरातून दोन दुकानदार आले आणि दबक्या आवाजात समारोपरावांना म्हणाले, "आमच्याकडेही एक आहे. पाच मजली." बँकेत समारोपराव नवं खातं उघडायला गेले तर मॅनेजर स्वतः उठून म्हणाला की साहेब, जुनं खातं छान आहे की.

मंडळानं सत्कार ठेवला, किराणावाल्याच्या गोदामात, पोत्यांवर सतरंज्या टाकून. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. वहिनींना पहिल्या रांगेत बसवलं. किराणावाला बोलायला उभा राहिला आणि आनंदात त्याची जीभ सैल सुटली.

"आम्हाला पहिल्यापासून खात्री होती," तो म्हणाला. "वीस-पंचवीस वर्षं बघतोय. साहेबांनी ज्यात हात घातला, तो धंदा बसला. सायकली बसल्या, टायपिंग बसलं, बूथ बसलं. म्हटलं, एवढा मोठा गुण उगाच वाया का जाऊ द्यायचा?"

हे वाक्य बोलून झाल्यावर ते त्याला स्वतःला ऐकू आलं.  स्टेशनरीवाला आपल्या चपला चाचपायला लागला. समारोपराव घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी फक्त त्याच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली.

वहिनी उभ्या राहिल्या. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण रागानं त्यांचे पाय आपोआप उभे राहिले होते.

"सायकली बसल्या," त्या गॅरेजवाल्याकडे बघून म्हणाल्या. "विकल्या कोणी? तुम्ही. त्या पैशांत गॅरेज काढलंत. केबलवाले, कॅसेट कोणाच्या होत्या? चष्मेवाले, फोटो धुण्याचं मशीन आमच्या गळ्यात कोणी घातलं? आणि त्याच्यावर हे चष्म्याचं दुकान उभं राहिलं ना? धंदा बसत आला हे तुम्हाला आधी कळायचं, म्हणून तर तुम्ही चहाला यायचात. आता सांगा, पाय कोणाचे पांढरे?"

 बोलता बोलता वहिनींनाही पहिल्यांदाच दिसत होतं, की हा अख्खा रस्ता, त्याच्या सगळ्या चकचकीत पाट्यांसकट, त्यांच्या घरातल्या त्या अडगळीवर उभा होता. आणि त्यांना नवऱ्याची कीव आली. सगळ्यांनी मिळून एका भोळ्या माणसाला पंचवीस वर्षं फसवलं.

घरी परत जाताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला काय माहीत, लोक कशासाठी विकतात ते."

"सायकलींच्या वेळी नव्हतं माहीत," समारोपराव म्हणाले. घड्याळ त्यांनी काखेत धरलं होतं. "बाकीच्यांच्या वेळी माहीत होतं."

वहिनी रस्त्यात थांबल्या.

"माहीत होतं?"

"अगं, टायपिंगच्या बाईंनी तर स्वतःच सांगितलं होतं. म्हणाल्या, याला आता भविष्य नाही. पण दहा मशीनं कोणी घेतल्याशिवाय त्यांना नवीन काही काढता येईना. भंगारवाला किलोवर मागत होता." त्यांनी घड्याळ दुसऱ्या काखेत घेतलं. "नवीन काढायला सगळे तयार असतात. जुनं कोणीतरी घ्यायला नको का?"

"आणि समारोपराव म्हणतात तेही..."

"चांगलं नाव आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं."

वहिनींची कीव जागच्या जागी विरली आणि तिच्या जागी राग आला. नवरा मूर्ख आहे म्हणून त्यांनी पंधरा वर्षं काचेत कोपरं आपटून घेतली होती. मूर्ख माणसावर रागावून उपयोग नसतो, असं म्हणून त्या शांत राहिल्या होत्या. आणि हा माणूस मूर्ख नव्हताच. हा सगळं डोळे उघडे ठेवून करत होता.

"प्रत्येकाचं जुनं घेतलंत," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काय मागत होते? एक बाक, एक टेबल. माझ्यासाठी कधी कोणाला नाही म्हणालात?"

 घरी पोचल्यावर समारोपरावांनी गाळ्याची किल्ली वहिनींच्या मशीनवर ठेवली. "तुझी शप्पथ," ते म्हणाले, "यापुढे कोणी चहाला आलं तर मी तोंड उघडणार नाही." वहिनी तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भिंतीशीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी गाळा रिकामा झाला. उरलेला माल ज्याचा त्याला गेला, ढकलगाडी भंगारात गेली, केबिन बेकरीवाल्यानं पाव ठेवायला नेली. वहिनींनी पुन्हा जमीन धुतली, पुन्हा खडूच्या खुणा केल्या. मशीन आणून उजेडाकडे तोंड करून ठेवलं. त्यावर बसून त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. कुठेच काही लागलं नाही. त्या तशाच हात पसरून जरा वेळ बसून राहिल्या. समारोपराव दाराशी झाडू घेऊन उभे होते. आपण बोलायचं की नाही हे अजून ठरलं नसल्यामुळे गप्प होते.

तेवढ्यात शिंपी मास्तर आले.

समारोपरावांनी त्यांना बघितलं, आणि शपथ आठवून तोंड घट्ट मिटून घेतलं. चहाचंही विचारलं नाही. पण मास्तर त्यांच्याशी बोलायला आलेच नव्हते. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून वहिनींना म्हणाले, "गाळा आता तुमचा ना. म्हणून तुम्हालाच विचारतो."

"काय विचारता, मास्तर?"

"मॉल गेला खरा, पण गिऱ्हाईक परत नाही आलं. लोक आता फोनवरून कपडे मागवतात. घालून बघतात, नाही बसले तर परत पाठवतात." मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "मुलगी म्हणते, आमच्याकडे येऊन राहा. तिच्या घरी मला जागा आहे. टेबलाला नाही. तीन मशीनं आणि बेतायचं टेबल. सागवानी आहे, आठ बाय चार. भंगारवाला आला होता. तो म्हणाला, तोडून नेईन."

वहिनींना सगळं ठाऊक होतं. त्यांच्याकडे तरी हल्ली काय यायचं? तयार पँटींची लांबी कमी करायची, ढगळ कुर्ते आत घ्यायचे. नवीन कापड घेऊन कोणी आलं त्याला वर्ष होत आलं होतं. शिलाईचं काय होणार हे त्यांना मास्तरांइतकंच कळत होतं. आणि आठ बाय चारचं टेबल आत आलं की खडूच्या खुणांचं काय होणार हेही कळत होतं.

"खरं सांगतो वहिनी," मास्तर म्हणाले, "यात आता काही राहिलेलं नाही. तुम्हाला फसवून विकायचं नाहीये."

"माहीत आहे मला."

"मग नको असेल तर नाही म्हणा. मी वाईट वाटून घेणार नाही."

वहिनींनी नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही हा शब्द त्यांच्याकडे पंचवीस वर्षं तयार होता, नवऱ्याला शिकवण्यासाठी घासून-पुसून ठेवलेला. मास्तर टोपीची कड बोटांनी चाचपत होते. ती आतल्या बाजूनं उसवलेली होती, आणि शिवायची राहून गेली होती.

"किती म्हणता?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी आकडा सांगितला. वहिनींनी घासाघीस केली नाही. त्या उठल्या, आपलं मशीन ढकलून भिंतीला लावलं आणि पदर खोचला.

दाराशी समारोपराव अजून तोंड मिटूनच उभे होते, पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांच्याकडे झाडूखेरीज काही नव्हतं. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या.

"नुसते उभे काय राहिलात? चला, टेबलाचं एक टोक धरा."